हाफ्नियम, उरलेलं अर्धं

ताळगावच्या पठारावर, तळघरात,
शिशाच्या विटांच्या देवळीत
एक करडा ठिपका ठेवलाय.
मुंगीच्या डोळ्याएवढा. त्यातही बहुतेक धूळच.
क्लोटिल्दा मॅडमनी तो परदेशातून आणला
मी जन्मले त्या साली.

शेजारी डिटेक्टर, गळ्यापर्यंत थंडीत.
दर मंगळवारी वेर्ण्याहून नायट्रोजनचा टेम्पो येतो.
ड्रायव्हर रुझार विचारतो,
आत काय पाळलंय, एवढं गार लागतं ते?
काही नाही, मी म्हणते. कान लावून बसतो आम्ही.
तो वहीत सही घेतो आणि हसत नाही.

त्या धुळीत काही मोजके अणू आहेत.
त्यांच्या गर्भात चार कण जोड्या मोडून उठले,
एकाच अंगाने घुमू लागले,
आणि फिरकी भरली सोळा.
आता खाली उतरायचंय त्यांना. ऊर्जा कधीची उतावीळ.
पण गॅमाचा एक किरण ओंजळीत नेणार किती,
एक, दोन, फार तर तीन.
जवळ एक पायरी आहेही,
तिचा कल वेगळा.
म्हणून भोवरा घुमत राहतो, हात नसलेल्या अंगणात.

दिवाडीच्या खाजणात बोस्त्यांव मानस राखतो.
फळ्यांच्या झडपेमागे तळं तुडुंब,
पलीकडे भरतीची मांडवी, तेवढीच तुडुंब.
मी विचारलं, पाणी एवढं शांत कसं?
तो बिडी विझवत म्हणाला,
"उदक शांत ना गो. वाट ना म्हूण रावता."
मी ते लॅबच्या नोंदवहीत लिहिलं,
तारखेच्या रकान्यात, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

एकतीस वर्षांनी यातले अर्धे निघून जातात.
कुठले अर्धे, ते त्यांनाही ठाऊक नसतं.
आणि जे राहिले, ते थकलेले नाहीत,
काल घडवल्यासारखे कोरे.
पुढच्या एकतीस वर्षांतही
त्यांना तेवढीच संधी, तेवढीच अडचण.
वय त्यांना चिकटत नाही.
आपल्याला चिकटतं.

क्लोटिल्दा मॅडम गुरुवारी येतात, काठी टेकत,
जिन्यातल्या सातव्या पायरीवर थांबतात.
"किती उरलं?"
"अर्धं, मॅडम. जवळजवळ नेमकं."
"माझंही," त्या म्हणतात. मग जरा वेळाने,
"नाही. माझं कमीच."
स्टुलावर बसून पडद्याकडे बघतात,
शिखरं वाढताना बघावं तसं नाही,
बंदरावर बोट बघावी तसं.

पहिली उडी आम्हाला दिसतच नाही.
सोळावरून तेरावर. ऊर्जा इतकी किरकोळ
की ती आपल्याच इलेक्ट्रॉनच्या हातात देऊन
अणू गप्प राहतो.
इतक्या वर्षांची गाठ सुटते
आणि त्याचा आवाज होत नाही.
मग घसरण. मग आठवर येऊन
पुन्हा थबकतो,
चार सेकंद.
एकतीस वर्षांपुढे चार सेकंद म्हणजे काय,
पण मी तेवढ्यात श्वास रोखते, दरवेळी.

आणि मग भराभर:
एकोणनव्वद,
चारशे सव्वीस,
तीनशे सव्वीस,
दोनशे तेरा,
त्र्याण्णव.

शून्य.
फिरकी नाही, कल नाही,
ठिपक्यातल्या इतर धुळीसारखा
एक साधा, गोल, भरल्या घरचा अणू.

गेल्या गुरुवारी हे त्यांच्या समोरच झालं.
मी बोट दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला,
पुसून होईपर्यंत ते संपलं होतं.
"राहू दे," म्हणाल्या, "आवाजावरून कळलं."
तळघरात आवाज फक्त पंख्याचा असतो.

वर पठारावर मोर ओरडत होते.
मी त्यांना टॅक्सीपर्यंत सोडलं,
परत येऊन वेळ लिहिली, तीन चाळीस,
आणि खाली, सवयीने,
पुढच्या अणूसाठी एक ओळ मोकळी सोडली.